नळीच्या खुर्चीत एवढं आहे तरी काय?

चंदीगडच्या सरकारी कचेरीतून मोडीत गेलेली खुर्ची परदेशातल्या लिलावात लाखांना विकली गेली, अशी बातमी अधूनमधून येतच असते. आमच्या घरी ती चहाबरोबर मोठ्याने वाचली गेली आणि नेमका त्याच दुपारी गल्लीत भंगारवाला आला. बेळगावात शहापूरच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या चार नळीच्या खुर्च्या होत्या. वाकवलेला लोखंडी पाईप, त्यावर पांढरी चकाकी, बसायला वेत. त्यातल्या तिघींचा वेत फाटलेला. आई म्हणाली, "घेऊन जाऊ दे एकदाचं." काका म्हणाले, "थांब की. सकाळी काय वाचलीस?"

तोवर एक खुर्ची काट्यावर चढलीही होती. चार किलो दोनशे. 30 रुपयांच्या भावाने 126 रुपये.

126 रुपये आणि काही लाख यांच्यामध्ये नेमकं काय असतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. आमच्या खुर्च्या लाखाच्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या 126 रुपयांच्याही नाहीत.

आधी नावाचा घोळ

लिलाववाले आणि इन्स्टाग्रामवरचे दुकानदार या वस्तूंना 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातलं, साधारण 1945 ते 1970 च्या दरम्यानचं सामान. त्याची मुळं मात्र 1920 च्या दशकातल्या जर्मनीत आहेत. 'मॉडर्न' म्हणजे इथे आधुनिकतावाद, आणि त्याचा अर्थ थोडक्यात असा : वस्तू ज्या कामाची आहे ते काम दिसू द्या, ज्या पदार्थाची आहे तो लपवू नका, वरून नक्षी चिकटवू नका. सिंहाचे पंजे कोरलेले खुर्चीचे पाय या मंडळींना चालत नसत. एवढ्यावर बाकीचा लेख वाचता येईल.

सायकलवरून सुचलेली खुर्ची

मार्सेल ब्रॉयर हा बाउहाउस या जर्मन कलाशाळेतला तरुण शिक्षक. 1925 च्या सुमारास तो नवी सायकल चालवायला शिकला आणि तिच्या हँडलकडे पाहत बसला. पोलादी नळी शेवयांसारखी वाकवता येते, तर मग तिची खुर्ची का नाही? त्यातून नळीची पहिली गाजलेली आरामखुर्ची झाली. नुसता सांगाडा, आणि बसायला-टेकायला ताणलेल्या पट्ट्या.

सायकलवरून सुचलं ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिच्या आधीचा धागा सुटतो. सांधा नसलेली पोलादी नळी बनवायची युक्ती मानेसमान बंधूंनी 1880 च्या दशकात शोधली होती. त्याआधीची नळी म्हणजे पत्रा गुंडाळून जोडलेली कड. वाकवली की शिवण उसवल्यासारखी फाटायची. नळी सुधारली म्हणून सायकल हलकी झाली, आणि सायकल दिसली म्हणून खुर्ची सुचली. खुर्चीचा आजोबा शोधायला गेलं तर तो सुतार निघत नाही, नळी ओढणारा कारखानदार निघतो.

पोकळ असून मजबूत कशी?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची ही पहिली शंका. "आत काही नाही, मग दणकट कशी?"

कळक आठवा. कळक आतून पोकळ असतो, तरी त्याची शिडी करून माणूस माळ्यावर चढतो. वाकताना वस्तूच्या बाहेरच्या कडेवर सर्वात जास्त ताण येतो. एका बाजूची कड ताणली जाते, समोरची दाबली जाते, आणि मधला गाभा जवळजवळ रिकामा उभा असतो, लग्नात नुसत्या फिरणाऱ्या पाहुण्यासारखा. मग गाभ्यातलं लोखंड काढून बाहेरच्या कडेला नेलं तर?

हिशेबच करून बघू. 25 मिमी जाडीची, 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मिमी भिंतीची नळी घ्या. तिचं वजन मीटरला साधारण 700 ग्रॅम. तेवढ्याच वजनाची भरीव सळई केली तर ती जेमतेम 11 मिमी जाडीची होते. आता दोन्हींवर सारखंच वजन टांगा. सळई नळीच्या जवळजवळ दहापट वाकते. लोखंड तेवढंच, भाव तेवढाच. फरक फक्त ते कुठे ठेवलं याचा.

पत्र्याचंही असंच. कागद दोन पुस्तकांच्या मध्ये आडवा ठेवा, लगेच झोल येतो. त्याच्याच पंख्यासारख्या घड्या घाला, वर पेन ठेवता येतं. आपल्याकडे घराघरात असलेलं लोखंडी कपाट हे त्या घड्यांवरच उभं आहे. गोदरेजनं पहिलं पोलादी कपाट 1923 साली काढलं आणि पुढे 'गोदरेज' हे कंपनीचं नाव राहिलंच नाही, ते कपाटाचं नाव झालं. आमच्याकडे दुसऱ्याच कंपनीच्या कपाटाला आजी 'ते दुसरं गोदरेज' म्हणायची.

पत्र्याच्या घडीचा खरा उस्ताद म्हणजे फ्रान्सचा जाँ प्रूव्हे. त्याचं शिक्षण लोहारकामाचं, आणि ते त्याच्या 1934 च्या खुर्चीत दिसतं. जेवण झाल्यावर आपण खुर्चीवर मागे रेलतो, तेव्हा वजन मागच्या पायांवर जातं. म्हणून त्याने पुढचे पाय साध्या बारीक नळीचे ठेवले आणि मागचे पत्रा दुमडून पोकळ, मध्ये रुंद, टोकाला निमुळते केले. खुर्ची बाजूने पाहिली की भार कुठून कसा उतरतो याची आकृतीच दिसते. मला विचाराल तर या सगळ्या काळातली सर्वात शहाणी खुर्ची हीच. गाजल्या मात्र चकचकीत नळीवाल्या.

मागचे पायच नाहीत, आणि तरी पडत नाही?

आमच्या माळ्यावरच्या चारांपैकी एक खुर्ची अशी आहे. नळी जमिनीवरून पुढे येते, वळण घेऊन वर जाते आणि पुन्हा मागे वळून बैठक होते. मागे आधार काहीच नाही. एकाच टोकाला पकडलेल्या आणि दुसरं टोक मोकळं असलेल्या अशा रचनेला कॅन्टिलिव्हर म्हणतात. तुमच्या खिडकीवरचा सज्जा तसाच, आणि आंब्याच्या आडव्या फांदीवर बसलेलं पोरही त्याच तत्त्वावर बसलेलं असतं.

अशी खुर्ची डच वास्तुकार मार्ट स्टाम याने 1926 साली गॅसच्या पाईपचे तुकडे आणि कोपरे जोडून उभी केली. ती ताठ होती. पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, स्टुटगार्टच्या प्रदर्शनात जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोहे याने पुढचं वळण मोठं अर्धगोल करून तिला लवचीक केलं. बसलं की हलकी डुलते. नंतर या कल्पनेचा मालक कोण यावर जर्मनीत कोर्टकचेरीही झाली आणि निकाल स्टामच्या बाजूने लागला. ब्रॉयरची 1928 ची खुर्ची याच जातीची, फक्त नळीच्या सांगाड्यात लाकडी चौकट आणि विणलेला वेत. आपल्याकडच्या वेताच्या नळीखुर्च्यांची ती सख्खी आत्या म्हणायला हरकत नाही.

या खुर्चीचा नाजूक भाग कोणता, हे मी पैसे मोजून शिकलो. आमच्या त्या खुर्चीच्या पुढच्या वळणाला बारीक चीर होती. मी ती एका कारखान्यात दिली. त्यांनी वेल्डिंग केलं, जोड दिसू नये म्हणून वरून ग्राइंडर फिरवला आणि चकचकीत करून दिली. आठ दिवसांनी काका तिच्यावर बसले, पेपर उघडला, आणि अग्रलेखापर्यंत पोचायच्या आत पेपरासकट जमिनीवर आले. नशीब, लागलं नाही. पण आमच्याकडे आता त्या खुर्चीला 'अग्रलेख' म्हणतात.

झालं काय, तर बसणाऱ्याचं वजन बैठकीच्या मध्यावर, आणि आधार वीतभर पुढे. त्या अंतरामुळे वाकवणारा सगळा ताण पुढच्या उभ्या नळीत आणि तिच्या दोन वळणांत येतो. नळीची भिंत 1.2 मिमीची. ग्राइंडरनं त्यातली किती खाल्ली देव जाणे. मूळ ताकद बाहेरच्या कडेत, आणि आम्ही सुबकपणासाठी तीच घासून काढली.

दुसऱ्यांदा मी ती उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी वेल्डिंगकडे पाहिलंही नाही. आधी दुसऱ्या, न मोडलेल्या वळणावरून अंगठा फिरवला. "हे बघा, भाईरली बाजू ताणलीया, आतली दबलीया, तरी पाईप गोलच हाय. चपटा कुठं झालाय काय? वाळू भरून वाकवलंय बघा हे."

नळी तशीच वाकवली तर वळणावर ती चेपते, शीतपेयाच्या स्ट्रॉसारखी. म्हणून आत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्या मारून बंद करायची, मग तापवून वाकवायचं. वाळू कोरडीच हवी. ओली असली तर आत वाफ कोंडते आणि गुट्टा गोळीसारखा उडतो. मिस्त्रींच्या डाव्या भुवईवर त्याची खूण आहे.

पण लोखंडच का?

घरात लाकूड असताना लोखंडाची खुर्ची कोण घेईल? युरोपातही लोक हेच म्हणत होते. दवाखान्यासारखं वाटतं, अशी तक्रार होती. गंमत अशी की आधुनिकतावाद्यांना तो दोष वाटतच नव्हता. त्यांना दवाखान्याची स्वच्छताच घरात हवी होती. केर लपायला कोपरा नको, खुर्चीखालून झाडू सरळ फिरला पाहिजे. आपल्याकडे हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी लहानपणी लाकडी पलंगाच्या फटीत उकळतं पाणी ओतून ढेकूण मारलेले पाहिलेत, त्यांना लोखंडी कॉट घरात आल्यावर आई का सुखावली ते ठाऊक आहे.

दुसरं कारण युद्ध. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई होती आणि युद्धातलं ॲल्युमिनियम ढिगाने पडून होतं. अर्नेस्ट रेस या इंग्रजाने 1945 मध्ये तेच भंगार वितळवून खुर्ची ओतली. भंगारातून आलेली खुर्ची पुढे संग्रहालयात गेली. आमच्या गल्लीत प्रवास उलटा चाललेला.

ॲल्युमिनियम म्हटलं की बेळगावकराला यमनापूर आठवतं. तिथल्या कारखान्याला जुनी माणसं अजूनही 'इंडाल' म्हणतात, हिंडाल्कोनं तो घेऊन बरीच वर्षं झाली तरी. आणि स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणतात. ते नाव 'जर्मन सिल्व्हर' या वेगळ्याच मिश्रधातूवरून घसरत आलं. बाउहाउस जर्मनीतलं, पण या पातेल्याशी त्याचा संबंध नाही.

अमेरिकेत लोखंडाची तार वापरली गेली. चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याची तारेची खुर्ची 1951 ची, हॅरी बर्तोया याची हिऱ्याच्या आकाराची जाळीदार खुर्ची 1952 ची. बर्तोया मुळात शिल्पकार. या खुर्च्या मुख्यतः हवेच्याच बनलेल्या आहेत, असं तो म्हणायचा. कांदे भरायच्या तारेच्या टोपलीत शिल्प पाहायला वेगळीच नजर लागते, एवढं खरं.

हे सगळं गोऱ्यांचं झालं. आपलं काय?

हा आक्षेप मला सर्वात जास्त ऐकू येतो, आणि तो अर्धाच खरा आहे.

नळीचं आणि ॲल्युमिनियमचं फर्निचर हिंदुस्थानात आलं ते थाटात, आणि तेही मराठी राजाच्या घरी. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. ॲल्युमिनियमचे पलंग, क्रोमच्या नळीची आरामखुर्ची, धातूचे दिवे. युरोपातही फार थोड्या घरांत एवढं आधुनिक सामान एकत्र असेल. 1980 मध्ये त्यातलं बरंच मोनॅकोत लिलावात गेलं.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती 1958 ची गोष्ट. भारत सरकारच्या सांगण्यावरून ईम्स जोडपं देशभर फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तारेच्या आणि ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांसाठी जगभर गाजलेल्या या माणसांना इथे सर्वात सुंदर काय वाटलं? साधा लोटा. किती पाणी मावतं, कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, पाणी कसं पडतं, आत हात घालून घासता येतो का, मोडीत किती पैसे येतात, अशा मुद्द्यांची त्यांनी लांब यादी केली आणि म्हटलं की हे कुणा एकाचं काम नव्हे, पिढ्यान् पिढ्यांचं आहे.

बेळगावच्या बोगारवेशीतून रोज जाणाऱ्यांना हे सांगायला कशाला हवं? बोगार म्हणजे कन्नडात कासार. तांब्याची घागर उजेडात धरून बघा. तिचा पत्रा पातळच असतो. कंबरेच्या गोलाईनं आणि गळ्याच्या वळणानं तिला ताठपणा दिलेला असतो. प्रूव्हेच्या पायाचं गणित तेच, फक्त कासारानं ते कागदावर मांडलं नाही.

शोभेच्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंतही हीच नजर आहे. बाउहाउसच्या धातुशाळेत मारियाने ब्रांट हिने 1924 मध्ये केलेली चहाची किटली अर्ध्या गोळ्याची आहे, खाली फुलीसारखा पाया, वर काळ्या लाकडाची मूठ. आर्ने याकोबसनने 1967 मध्ये डेन्मार्कमध्ये स्टेनलेस स्टीलचा चहा-कॉफीचा सेट काढला, तो सगळा सरळ नळकांड्यांचा. मला मात्र लोभ आहे तो फिनलंडच्या टिमो सार्पानेव्हाच्या 1960 च्या पातेल्याचा. पातेलं बिडाचं, आपल्या तव्यासारखं. लाकडी मूठ काढता येते आणि तिनेच गरम झाकण उचलता येतं, सांडशीचं काम संपलं. बीड ओतणं हे तर बेळगावचं रोजचं काम. उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्र्या पंपांचे आणि गाड्यांचे भाग ओततात. एखादं असं पातेलं अजून कुणी का ओतलं नाही, हे मला कळलेलं नाही.

मग एक खुर्ची लाखाला आणि दुसरी भंगारात का?

कारण किंमत खुर्चीची नसते, तिच्या उताऱ्याची असते. जमीन घेताना आपण माती चाखून बघत नाही, उतारा बघतो. मालक कोण, आधी कुणाची, बोजा आहे का. खुर्चीचंही तसंच. कुणी आखली, कुठल्या कारखान्यात झाली, कुठल्या इमारतीत होती, तिथून बाहेर कशी आली. चंदीगडच्या खुर्च्या बहुतांश सागवान आणि वेताच्या. त्या वास्तुकार पिएर जान्नरे याच्या देखरेखीखाली त्या शहरासाठी झाल्या, काहींवर खात्याचे रंगवलेले नंबर आहेत. तो रंगवलेला सरकारी नंबरच त्यांचा उतारा.

मग त्या बाहेर जातात कशा? 2011 मध्ये केंद्रीय गृहखात्याने हे वारशाचं सामान विकायला बंदी केली. पण आपला पुरावस्तूंचा 1972 चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. सत्तर वर्षांची खुर्ची त्याच्या हिशेबाने अजून लहान मूल.

आमच्या खुर्च्यांना उतारा नाही. बैठकीखाली एक पत्र्याची पट्टी होती, तीही पहिल्या कारखान्यात घासली गेली. तुमच्याकडे तशी पट्टी, ठसा किंवा रंगवलेला नंबर असेल तर पॉलिशवाल्याच्या हाती देण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि ऑनलाइन 'अस्सल बाउहाउस' म्हणून दिसणाऱ्या खुर्च्या बहुतेक नकला असतात. नक्कल वाईटच असते असं नाही. आज बँकेत मॅनेजर बसतो ती जाळीच्या पाठीची फिरती खुर्चीही ईम्सच्या 1958 च्या ॲल्युमिनियम खुर्चीची लांबची नात आहे. फक्त नातीला आजीचा भाव देऊ नका.

गंज लागतो त्याचं काय?

लागतो. आपल्याकडचा पाऊस चार महिने भिंतीतून सुद्धा बोलतो. क्रोमची चकाकी म्हणजे जाड कवच नाही. लोखंडावर आधी निकेल, तेही मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकं, आणि वर क्रोमचा त्याहून कितीतरी पातळ थर. त्या थराला दिसणार नाहीत अशा चिरा असतात. त्यांतून ओल खाली गेली की तांबडे ठिपके येतात. ठिपके असतील तोवर पॉलिश पेपर लावू नका, उरलीसुरली चकाकीही जाते. ॲल्युमिनियमच्या फॉईलचा बोळा साध्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळा, पुसून कोरडं करा, वर मेण. फोड आले असतील तर मात्र थर सुटलाय, तिथे नव्याने प्लेटिंगच. पायांची रबरी बुचं बदला. पाणी तिथूनच नळीत शिरतं, आणि नळी आतून कुजते ते बाहेरून दिसत नाही.

लोखंड हिवाळ्यात अंगाला गार लागतं हेही खरं. म्हणूनच ब्रॉयरने शरीर टेकतं तिथे कापड, चामडं किंवा वेत ठेवला. तिन्ही फाटक्या खुर्च्यांचा वेत विणायला आता माणूस मिळेना, तेव्हा दोन खुर्च्यांना आम्ही नायलॉनची पट्टी मारली. आजोबांना आवडली नसती. काकांना बरी वाटते.

'अग्रलेख' अजून मिस्त्रींकडेच आहे. मोडलेल्या वळणाच्या आत बरोबर बसेल असा नळीचा तुकडा सरकवून, जोड वळणापासून लांब सरळ भागात घेणार आहेत. परवा फोन केला तर म्हणाले, "झालीया. पण आणि दोन दिस राहू दे की. नातवाला माप घ्यायला लावलोय."